तीन नंबरच्या पेटीतला उसना दगड

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बोलायची वेळच आली नाही असं म्हणता येणार नाही. वेळा पुष्कळ आल्या — एकदा तर तो माणूसच समोर उभा होता, बेलापूरच्या बाजारात, हातात मेथीची जुडी घेऊन. तेव्हाही मी गप्प राहिलो. गप्प तरी कुठे राहिलो? एक शब्द बोललो, आणि तोही खोटा. पण ते नंतर. क्रमाने सांगायला हवं, नाहीतर मी मध्येच कुठून तरी निसटीन. माझी मला ओळख आहे.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत बोअर घेतली. सकाळी दहाला मशीन सुरू झालं आणि मी चप्पल घालून खाली गेलो. वय ऐंशीला टेकलंय, जिना उतरायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, तरी गेलो. राखाडी भुकटी उडत होती. मग ती एकाएकी ओली झाली, तांबूस झाली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मशीनवाल्याला विचारलं, कितव्या फुटाला लागलं? तो हसला. "आजोबा, पानी लागलं ना? मग फुटं कशाला मोजता?"

वर आलो. जेवण गेलं नाही. तेव्हापासून बसवत नाही. आता लिहितानाही दोनदा उठलो, गॅलरीत जाऊन आलो. फुटं कशाला मोजता — खरंच, कशाला? मी आयुष्यभर फुटंच मोजली. आणि एका ठिकाणी अडीच फूट खोटी मोजली.

म्हणजे सांगून टाकलं की काय? नाही. हे सोपं होतं. अवघड पुढे आहे.

मी भूशास्त्र शिकलो पुण्याला आणि लागलो एका सरकारी कचेरीत, हंगामी. कचेरीचं नाव लिहीत नाही. चूक कचेरीची नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात आमची तुकडी नगर जिल्ह्यात आली, घोडेगावाहून दोन-अडीच कोसांवर, एका टेकाडावर. टेकाडाच्या पायथ्याला गाव. त्याचंही नाव लिहीत नाही, कारण तिथे त्या माणसाचे भाऊबंद अजून राहतात. तीन तंबू, एक जीप, एक ड्रिलिंगचं मशीन, आणि पाण्याचा टँकर.

आम्ही तिथे काय करत होतो? गावाला सांगितलं होतं — खडक तपासणी. ते खोटं नव्हतं, पण पुरंही नव्हतं. खरं कारण मला मोठ्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मोठे साहेब म्हणजे आमचे वरिष्ठ. सडसडीत, बिनदुधाचा चहा पिणारे, आवाज न चढवणारे. देशात अणूपासून वीज व्हायला लागली होती. ते म्हणाले, चुलीत लाकूड जळलं की राख उरते, तशी ह्याही चुलीची राख उरते. फक्त ती राख हजारो वर्षं निवत नाही. तिच्याजवळ माणसाने जाऊ नये, तिचं पाणी कोणी पिऊ नये. मग ठेवायची कुठे? ती काचेत ओतायची, काच पोलादाच्या डब्यात घालायची आणि डबा खडकात. "डबा कधीतरी गंजेल," ते म्हणाले, "काचही झिजेल. आपण तर असणारच नाही. शेवटचा पहारेकरी खडक. त्याला विचारायचं एकच — तुझ्यातून पाणी जातं का?"

हे वाक्य मला अजून पाठ आहे. मला ते फार आवडलं होतं. रात्रीचा पहारा करणाऱ्या माणसाची नेमणूक करायला आपण आलो आहोत, असं काहीसं वाटलं. तिथे राख पुरायचं ठरलं नव्हतं. आपल्याकडचा काळा पाषाण ह्या कामाला कितपत लायक आहे, एवढंच प्राथमिक पाहायचं होतं.

आता गंमत बघा — गंमत म्हणायची का हिला? सगळा जिल्हा पाणी शोधत होता. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, घरी जाताना दुष्काळी कामावर मिळालेल्या सुकडीच्या पिठाची पिशवी नेत होती. आणि त्या मुलखात आम्ही एकटे असे होतो, की ज्यांना पाणी नसलेला दगड हवा होता. गावाने मात्र मशीन पाहिलं आणि धरूनच टाकलं, की सरकारने पाण्याची बोअर पाठवली. पहिल्या दिवशी बायका नारळ घेऊन आल्या. मशीनला हळदकुंकू लावलं. मी त्यांना थांबवलं नाही, समजावलंही नाही. समजावणार काय?

आणि मशीन तर पाणी पीत होतं. हिऱ्याचं पातं खडकात फिरतं ते तापू नये म्हणून वरून सतत पाणी सोडावं लागतं. ते भोकातून गढूळ होऊन परत वर येतं. गावातल्या बायका पायथ्याशी घागर घेऊन उभ्या, आणि आमचा टँकर टेकाडावर चढून भोकात पाणी ओतायचा. त्यांनी कधी शिवी दिली नाही. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "आदी त्याला पाजा, मंग ते आमाला पाजंल."

नगरचा खडक तुम्हाला माहीत असेल. थरावर थर, चळत रचल्यासारखे. काळा पाषाण चांगला — घट्ट, पाण्याला दाद न देणारा. पण दोन थरांच्या मध्ये कुठे तांबडी माती, कुठे भोकाळ मांजऱ्या खडक, कुठे भेगा. मशीन खडकाची गोल कांडी कापून वर आणतं, उसाच्या कांडीसारखी. तिलाच आम्ही गाभा म्हणतो. त्या कांड्या लाकडी पेटीत ओळीने मांडायच्या, फुटांप्रमाणे. पाच फूट खणलं आणि पाच फूट कांडी आली, तर खडक घट्ट. पाच खणून तीनच आली, तर दोन फूट कुठे गेले? एक तर मशीनने रगडले, नाहीतर तिथे खडक नव्हताच — भेग होती, माती होती, वाहून गेली. आमचा नियम असा, की जितकी कांडी आली नाही तितक्या जागेत लाकडी ठोकळा ठेवायचा आणि त्यावर लिहायचं: गाभा नाही. म्हणजे पेटीतला ठोकळा हा सगळ्यांत महत्त्वाचा दगड. जो नाही तो. आणि दुसरा नियम — कांडी वर येताना माझ्यासारख्याने तिथे हजर असायचं. दरवेळी. जेवण सोडून.

आता याकोबबद्दल.

याकोब गावच्या नाल्यापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीतला. तीस-बत्तीसचा असेल. आमच्याकडे रोजंदारीवर होता, पण त्याचं खरं कसब विहिरीचं — विहिरी खणणं, गाळ काढणं. खडकावर पहार आपटून नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, आत पोकळ आहे की भरीव. मी पुस्तकातून शिकलेलं त्याला तळहातातून ठाऊक होतं. त्याची थट्टाही तशीच असायची. मी भिंगातून दगड बघत बसलो की म्हणायचा, "सायेब, दगूड काय पळून जातोय व्हय? जेवून घ्या की."

वस्तीची स्वतःची विहीर त्या उन्हाळ्यात पार आटली होती. गावच्या विहिरीवर वस्तीला पूर्वी पोहरा टाकता येत नव्हता. दुष्काळात सरपंचांनी — सगळे त्यांना तात्या म्हणत — परवानगी दिली: दुपारी, सगळ्यांचं भरून झाल्यावर, घरटी दोन घागरी. ती परवानगी याकोबने मिळवली होती. गावच्या विहिरीचा गाळ त्याने आठ दिवस फुकट उपसला आणि मग हात जोडून तात्यांकडे शब्द टाकला. त्याची बायको मार्था दुपारी त्या विहिरीवरून घागर घेऊन निघायची तेव्हा मी टेकाडावरून बघितलंय, ती सरळ चालायची. डोक्यावर घागर असली की माणूस सरळच चालतं, म्हणा. पण मला ते वेगळं वाटायचं.

एवढं तुम्हाला ठाऊक असायला हवं. कारण मी मोडलं ते हे.

तीन नंबरची बोअर चालू होती. शुक्रवार होता, घोडेगावचा बाजार. मी जीप काढली आणि बाजाराला गेलो — काम नव्हतं, मटण खायचं होतं. त्या दुष्काळात, हो. बाजारात बैल मातीमोल विकले जात होते, मालक बैलाच्या पाठीवर हात ठेवून दुसरीकडे बघत उभे होते, आणि मी एका खानावळीत बसून रस्सा मागून घेत होतो. सव्वीस वर्षांचा होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. होतो, एवढंच.

परत आलो तर आमचा ड्रिलर बाबूराव कपाळाला हात लावून बसलेला. एकशे बारा फुटांच्या खाली पाणी परत वर येईना. ओतलेलं सगळं आत. दोन टँकर गिळले भोकाने. पाच फुटांच्या खेपेत अडीच फूटच कांडी आली होती. शेवटी त्याने शेण आणि भुशाचे गोळे आत सोडून भेग लिंपली, तसं पाणी वर यायला लागलं. ड्रिलर लोक असं करतात. शेण थोडे दिवस धरतं.

मी काय करायला हवं होतं? ठोकळा ठेवायचा. लिहायचं: गाभा नाही, पाणी आत गेलं. आणि लिहायचं की मी हजर नव्हतो. एवढंच. पण सोमवारी मोठे साहेब येणार होते. ते ठोकळा बघताच विचारणार, काय दिसलं? कांडी रगडली गेली की भेग होती? वर आलेला गाळ कसला होता? आणि मला सांगता येणार नव्हतं, कारण मी घोडेगावात हाड चोखत होतो. माझी नेमणूक सहा महिन्यांची होती, ती कायम करायची शिफारस साहेबांच्या हातात होती.

एक नंबरच्या बोअरची पेटी तंबूमागे होती. तिच्यातल्या जादा कांड्या मी घेतल्या. अडीच फूट. टोकाला टोक जुळेना — तुटलेली कांडी तिच्या जोडीशीच जुळते, दुसरीशी नाही — म्हणून आमच्या आचाऱ्याच्या पाट्यावर टोकं घासली. शनिवारची सगळी दुपार घासली. हाताला फोड आले. एक नंबरच्या खडकात बारीक पांढरे ठिपके होते, तीन नंबरच्यात नव्हते. त्यावर मी मातीचं बोट फिरवलं. बाबूरावने सगळं पाहिलं. मी म्हटलं, डायरीत पाण्याचं लिहायचं नाही. तो म्हणाला, "साहेब, लिहिणारे तुम्ही. मी फिरवणारा."

सोमवारी मोठ्या साहेबांनी पेटी पाहिली. बोट ओलं करून कांड्यांवरून फिरवत गेले. त्या अडीच फुटांवर बोट थांबलं — की मला तसं वाटलं? मग पुढे गेलं. "सुंदर," ते म्हणाले. "एकही ठोकळा नाही."

दोन दिवसांनी याकोब माझ्याजवळ आला. कामाचं बोलावं तसं म्हणाला, "सायेब, शुक्रवारी दोन टँकर भोकात गेलं, आन् काल हिरीला वीतभर पानी चढलं. येवढ्या उन्हाळ्यात. तुमचं पानी आमच्या हिरीत उतरतंय बगा." त्याने हिशेबही केला होता. विहिरीच्या काठापेक्षा टेकाड किती उंच, विहीर किती खोल — दोर टाकून मोजलं होतं त्याने. भोकातली भेग आणि विहिरीचा तळ एका पातळीत येत होते. सरळ थर. माझ्या सगळ्या शिक्षणाने जे उत्तर काढायचं, ते त्याने दोराने काढलं होतं. मी म्हटलं, योगायोग असेल. तो खुशीत होता बिचारा. त्याला वाटलं, चांगली बातमी आणली.

मशीन पुढच्या जागी हललं, बाबूरावही गेला. टेकाडावर मी उरलो, आणि राखणीला याकोब. मग साहेबांचा आदेश आला: तीन नंबर सर्वांत घट्ट, तेव्हा पुढची चाचणी तिथेच. भोकात रंग सोडायचा — पिवळट हिरवा, चिमूटभरात हौद रंगवणारा, पण पोटाला निरुपद्रवी — आणि आसपासच्या विहिरींचं पाणी रोज बाटलीत भरून नगरला पाठवायचं. रंग कुठेच दिसला नाही तर खडक पास. पत्रात खाली हाताने लिहिलं होतं: गावाला कारण सांगू नका, पण रंगाचं सरपंचांना आधी सांगून ठेवा.

मी तात्यांना सांगितलं नाही.

का? सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, आमच्या विहिरीत येईल का हो? आणि माझ्याच कागदानुसार ते यायला नको होतं. आणि मला तर माहीत होतं की येणार. मग मी काय करत होतो? मला आजही कळत नाही. शेण टिकेल, अशी आशा धरून बसलो होतो बहुतेक. हजारो वर्षांच्या पहारेकऱ्याची परीक्षा, आणि माझी सगळी भिस्त शेणावर.

रंगाचा डबा याकोबने टेकाडावर चढवला. भुकटी मी भोकात ओतली, डबा त्याने धरला. वारा होता. त्याचे तळवे, बाह्या, धोतराचा सोगा पिवळेहिरवे झाले. मी हातमोजे घातले होते. तो हसून म्हणाला, "मार्था म्हनंल, कुटं हळदीला गेल्ता." रंग त्याच्या कातडीवरून बरेच दिवस गेला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी विहिरीवर आरडाओरडा झाला. मी खाली धावलो. विहिरीचं पाणी उन्हात चमकत होतं, हिरवं, भलतंच सुंदर. गाव जमलं होतं. आदल्या संध्याकाळी याकोब विहिरीत उतरलेला लोकांनी पाहिला होता. तळाशी साचलेला गाळ काढायला तो अधूनमधून उतरायचाच. त्याला बोलावून आणलं होतं.

"याक्या, हात दाव."

त्याने हात पुढे केले. नखांच्या कडेला, तळव्याच्या रेषांत अजून तो रंग होता.

"ह्यो काय रं? काय कालावलंस पान्यात?"

"तात्या, औषद न्हाई, इख न्हाई. सायबांचा रंग हाय. वर भोकात टाकला, म्या डबा धरला हुता. त्यास्नी इचारा की." तो घाबरला नव्हता. तो माझ्याकडे वळला, आणि साहेब आले, आता ते सांगतील, अशा निवांत चेहऱ्याने उभा राहिला. तो चेहरा —

उठलो होतो. पाणी प्यायलो. परत बसलो आहे.

तात्यांनी मला विचारलं. नीट, अदबीने विचारलं. "सायेब, तुमचा हाय का ह्यो रंग?"

मी म्हणालो, "नाही. आमच्या कामात असला रंग लागत नाही."

हे ते वाक्य. पन्नासहून जास्त वर्षं मी ते पोटात घेऊन हिंडतोय. कोणी मला धमकावलं नव्हतं. विचार करायला वेळही होता. तात्यांनी विचारलं आणि ते थांबले. मी त्या वेळात पेटीचा विचार केला. रंग माझा म्हटलं, तर तो इथे आला कसा, हे आलं. ते आलं की पेटी आली. पेटी आली की शुक्रवार आला. म्हणून मी नाही म्हणालो.

कोणीतरी याकोबच्या थोबाडीत मारली. एक बाई ओरडली, "भरू दिलं ह्येच चुकलं!" तात्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, आणि हुकूम दिला: सगळं पाणी उपसून टाकायचं. विहिरीत उतरायला कोण? याकोबच. ज्याने नासवलं त्यानेच उपसायचं. तो उतरला. वरून माणसं पोहरे ओढत होती आणि ते निर्मळ, पिण्याजोगं पाणी जमिनीवर ओतत होती. बहात्तरच्या दुष्काळात. माती ते पाणी क्षणात पीत होती, आणि कडेला बायका पदर तोंडाला लावून बघत उभ्या होत्या.

तळ दिसायला लागला तसा खालून आवाज आला. "सायेब! सायेब, हितनं येतंय बगा! उगवतीच्या कपारीतनं! अजून हिरवंच झिरपतंय. या खाली, बगा तुमी!"

त्याने पुरावा शोधला होता. तोही माझ्यासाठीच, बरं का. माझं 'नाही' त्याने ऐकलं होतं, तरी माझ्यावरची आशा सोडली नव्हती. त्याला वाटलं, भोकातला रंग इथवर येतो हे साहेबांना पटत नाही, म्हणून ते नाही म्हणाले. साहेब दगडातले जाणकार, त्यांनी कपार पाहिली की त्यांना कळेल, मग ते सांगतील. मी काठावर वाकलो. खाली त्याचा वर केलेला चेहरा, ओली छाती, आणि एक बोट त्या भेगेवर ठेवलेलं. मला वरूनही दिसत होतं. हिरवी, करंगळीएवढी धार.

"सायेब, उतरा की," एकजण म्हणाला.

मी म्हणालो, "गरज नाही. तिथे काही नाही."

 खाली त्याने भेगेवरचं बोट काढून घेतलं. तेव्हा त्याला कळलं असावं. त्यानंतर गाव सोडेपर्यंत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, आणि गावाशीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीचा पोहरा त्या विहिरीत पडला नाही. फक्त याकोबचा नव्हे, सगळ्या वस्तीचा. मार्था आणि तिच्याबरोबरच्या बायका सकाळी निघायच्या आणि दुपार कलल्यावर दोन घागरी घेऊन परतायच्या. मी टेकाडावरून मोजत असे. मग वस्तीतलीच माणसं याकोबला बोलायला लागली — तुझ्यापायी झालं. महिन्याभरात तो बायकोला घेऊन श्रीरामपूरच्या बाजूला गेला, ऊसतोडीला की कारखान्यावर, मी चौकशी केली नाही.

आणि बाटल्या? बाटल्या मी टँकरच्या पाण्याने भरल्या. चिठ्ठ्या डकवल्या — गावची विहीर, पूर्वेची विहीर, नाल्याची विहीर — आणि नगरला पाठवल्या. रंग आढळला नाही. खडक पास. माझी नेमणूक कायम झाली.

पुढे त्या जागेचा विचार सोडून दिला गेला. कारण दुसरंच होतं. माझ्या पेटीशी त्याचा संबंध नव्हता. तिथे कसली राख पुरली गेली नाही, आणि त्या गावाच्या पाण्यात नुकसान करणारं काही गेलं नाही. ह्या एका गोष्टीवर मी किती वर्षं झोप काढली! म्हणायचो, काय बिघडलं? कोणाचं काय गेलं? जणू मी फक्त दगडाशी खोटं बोललो होतो.

पण तो कागद कुठल्यातरी कपाटात असेलच. उद्या कोणी तरुण मुलगी-मुलगा तो काढील, आणि त्यात वाचेल: एकसंध काळा पाषाण, पाणी जात नाही. खडक कधी खोटं सांगत नाही, असं मोठे साहेब म्हणायचे. बरोबर आहे. त्याच्या वतीने बोलायला आपण बसलेलो असतो.

तर बेलापूर, श्रीरामपूरजवळचं. त्या उन्हाळ्यानंतर दहा-बारा वर्षं उलटली असतील. मी सरकारी जीपमधून उतरलो आणि तो समोर. केस पिकलेले, अंगात स्वच्छ सदरा. त्याने मला लगेच ओळखलं. नमस्कार केला नाही, रागही दाखवला नाही. मेथीची जुडी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं,

"सायेब, त्यो दगूड पास झाला का?"

त्याला कधी कळलं होतं, की आम्ही दगडाची परीक्षा घेत होतो? कोणी सांगितलं? की तेही त्याने दोर टाकूनच काढलं? माझ्याजवळ तेव्हा सगळं होतं — पक्की नोकरी, हुद्दा, भरबाजारात उभं राहायला एक आडोसा. कोणी ऐकत नव्हतं. खरं सांगायला एक श्वास पुरला असता.

मी म्हणालो, "झाला."

तो हसला. "मंग आमची हीरच खोटी म्हनायची," म्हणाला, आणि गर्दीत गेला. मी हाक मारली नाही. तो आज आहे की नाही, मला माहीत नाही. शोधलं असतं तर सापडला असता, शोधलं नाही.

माझ्या हातात आता एकच काम उरलंय, ते करतो. नोंद दुरुस्त करतो.

बोअर क्रमांक तीन. एकशे बारा फुटांपासून एकशे साडेचौदा फुटांपर्यंत गाभा नाही. पेटीत त्या जागी मांडलेल्या कांड्या बोअर क्रमांक एकच्या आहेत. त्यांवर पांढरे ठिपके आहेत आणि टोकं घासलेली आहेत. ह्या खोलीवर भेग आहे. दोन टँकर पाणी तिच्यात गेलं. कांडी वर आली तेव्हा नोंद करणारा जागेवर नव्हता. पाण्याच्या बाटल्या टँकरच्या होत्या. भोकात सोडलेला रंग अकराव्या दिवशी गावच्या विहिरीत आला, उगवतीकडच्या कपारीतून, करंगळीएवढ्या धारेने. भोकात तो मी ओतला. याकोबने फक्त डबा धरला होता.

विहिरीच्या तळातून त्याने जे ओरडून सांगितलं, ते खरं होतं. ते मला वरून दिसत होतं.